मृत्यूची वेळ : वॉलेस खटल्यांतील एक प्रश्न



आजचा विषय थोडा अभद्र आहे, हें मी आरंभींच कबूल करतों. दिवेलागणीच्या वेळीं, घरांत मुलेंबाळें बसलीं असतां, एका म्हाताऱ्या मास्तरानें प्रेतांविषयीं आणि खुनांविषयीं बोलावें हें कित्येकांस रुचणार नाहीं. परंतु ज्या प्रश्नाविषयीं मी बोलणार आहें तो माझ्या दृष्टीनें मुळांत गणिताचा प्रश्न आहे, आणि गणित शिकविण्यांत माझीं चौतीस वर्षें गेलीं आहेत. प्रश्न असा : मनुष्य केव्हां मेला हें त्याच्या मृत देहाकडे पाहून किती नेमकेपणानें सांगतां येतें? तास सांगतां येतो, कीं मिनिट सांगतां येतें? ऐकावयास हा भेद क्षुल्लक वाटतो. पण याच भेदाच्या घोटाळ्यांत एक माणूस फांसाच्या दोरापर्यंत जाऊन पोंचला होता. त्याची हकीकत सांगतों.

साल १९३१. इंग्लंडांतील लिव्हरपूल शहराच्या अ‍ॅनफील्ड भागांत, वुल्व्हर्टन स्ट्रीटवरील २९ नंबरच्या लहानशा घरांत विल्यम हर्बर्ट वॉलेस नांवाचा बावन्न वर्षांचा गृहस्थ आपली पत्नी ज्युलिया हिच्यासह राहत असे. मूलबाळ नव्हतें. प्रुडेन्शिअल विमा कंपनीचा तो एजंट. दारोदार हिंडून हप्ते वसूल करावयाचे, हा त्याचा उद्योग. तरुणपणीं कांहीं काळ तो आपल्या कलकत्त्यासही नोकरीनिमित्त राहून गेला होता. प्रकृति तोळामासा, मूत्रपिंडाचें जुनें दुखणें. घरीं पत्नीनें पियानो वाजवावा, यानें व्हायोलिनवर जमेल तशी साथ करावी, आणि अधूनमधून संध्याकाळीं बुद्धिबळाच्या मंडळांत जाऊन एखादा डाव खेळावा, एवढींच त्याचीं व्यसनें.

सोमवार तारीख १९ जानेवारी. हें बुद्धिबळ-मंडळ नॉर्थ जॉन स्ट्रीटवरील सिटी कॅफेमध्यें जमत असे. संध्याकाळीं सात वाजून वीस मिनिटांच्या सुमारास तेथला टेलिफोन वाजला. वॉलेस अद्याप यावयाचा होता. बोलणाऱ्यानें आपलें नांव आर. एम. क्वाल्ट्रो असें सांगितलें आणि निरोप ठेवला कीं, वॉलेसनें उद्यां मंगळवारीं संध्याकाळीं साडेसात वाजतां २५, मेन्लव्ह गार्डन्स ईस्ट या पत्त्यावर यावें. त्याच्या धंद्यापैकींच काम आहे. वॉलेस आल्यावर त्याला तो निरोप मिळाला. असा कोणी मनुष्य मला ठाऊक नाहीं, असें तो म्हणाला. पण पत्ता त्यानें लिहून घेतला.

दुसऱ्या दिवशीं संध्याकाळीं तो ट्रॅम बदलीत बदलीत शहराच्या त्या टोंकाला गेला. तेथें मेन्लव्ह गार्डन्स नॉर्थ आहे, साउथ आहे, वेस्ट आहे. ईस्ट मात्र नाहींच! त्यानें पोलिसाला विचारलें, वर्तमानपत्रांच्या दुकानांत विचारलें, आणि शेवटीं हात हलवीत तो परत फिरला. पावणेनऊच्या सुमारास घरीं येतो तों पुढचें दार उघडेना, मागचेंही उघडेना. शेजारचें जोडपें त्याच वेळीं बाहेर पडत होतें. त्यांच्यादेखत त्यानें मागचें दार पुन्हां ढकलून पाहिलें, तों तें उघडलें. पुढच्या बैठकीच्या खोलींत ज्युलिया मरून पडली होती. कोणीं तरी तिच्या डोक्यावर घावांवर घाव घातले होते. अंगाखालीं वॉलेसचाच रेनकोट, तोही अर्धवट जळालेला. घरांतून गेले ते सुमारें चार पौंड. हत्यार कधींच सांपडलें नाहीं.

तो टेलिफोन कोठून आला याचा पोलिसांनीं तपास केला, तेव्हां तो वॉलेसच्या घरापासून चारशे यार्डांवर असलेल्या सार्वजनिक टेलिफोनच्या खोलींतून आला होता असें निघालें. झालें! पोलिसांचें मत बनलें कीं क्वाल्ट्रो म्हणजे वॉलेसच. स्वतःच स्वतःला निरोप ठेवावयाचा, बायकोला मारावयाचें, आणि खोट्या पत्त्याच्या शोधांत गांवभर हिंडून साक्षीदार जमवावयाचे. बुद्धिबळ खेळणाऱ्या मनुष्याला असा डाव सुचणें अगदीं स्वाभाविक, असेंही लोक म्हणूं लागले. मी स्वतः बुद्धिबळ खेळतों, आणि मला तर भाजी आणावयास सांगितलें असतां पिशवी घरीं विसरण्यापलीकडे कोणताही डाव आजवर सुचलेला नाहीं. पण तें असो.

आतां काळाचें गणित मांडूं. वॉलेस वाटेवर ७ वाजून ६ मिनिटांनीं एका ट्रॅममध्यें होता, अशी ट्रॅमच्या कंडक्टरची साक्ष. घरापासून तेथपर्यंत पोंचावयास किती वेळ लागतो हें पोलिसांनीं स्वतः चालून, धांवून आणि ट्रॅममध्यें चढून पुन्हां पुन्हां मोजलें. त्यावरून तो सहा वाजून एकूणपन्नास मिनिटांच्या आंत घराबाहेर पडला असलाच पाहिजे. तो स्वतः पावणेसात म्हणत होता. म्हणजे ही झाली एक बाजू पक्की. दुसरी बाजू अशी कीं, त्या संध्याकाळीं दूध घालणारा एक चौदा वर्षांचा मुलगा दारावर आला, आणि ज्युलियानें स्वतः त्याच्याकडून दूध घेतलें, त्याच्याशीं दोन शब्द बोलली. या दोन क्षणांमध्यें जेवढा वेळ उरेल तेवढ्यांत वॉलेसनें खून केला असला पाहिजे, रक्त धुऊन काढलें असलें पाहिजे, चोरीचा देखावा केला असला पाहिजे, आणि नीटनेटकें होऊन तो बाहेर पडला असला पाहिजे. त्याच्या कपड्यांवर रक्ताचा थेंब सांपडला नाहीं, हें येथें ध्यानांत ठेवावें.

अशा स्थितींत न्यायालयाचे कान साहजिकच डॉक्टरकडे लागले. लिव्हरपूल विद्यापीठांतील न्यायवैद्यकाचे प्राध्यापक मॅक्फॉल रात्रीं दहा वाजण्याच्या सुमारास त्या घरांत आले होते. त्यांनीं प्रेत पाहिलें. मानेंत आणि डाव्या दंडांत ताठरपणा आला होता. त्यावरून त्यांनीं खटल्यांत मत दिलें कीं, मृत्यु चार तासांपूर्वीं, म्हणजे सहाच्या सुमारास झाला असावा. आणि साडेसहाच्या पुढें तर ती बाई दारांत उभी राहून दूध घेत होती!

येथें थोडें थांबून मृत देहांत काय काय घडतें तें पाहिलें पाहिजे. आपल्या घरांतील वडील माणसांस हें शास्त्रावांचूनही ठाऊक असतें. कोणी गेलें कीं जाणती बाई लगेच म्हणते, "हातपाय सरळ करून ठेवा, डोळे मिटा, हनुवटीला पट्टी बांधा, मग होणार नाहीं." तें 'मग होणार नाहीं' म्हणजेच डॉक्टरांचा ताठरपणा. मेल्यावर प्रथम सारे स्नायु सैल पडतात. पुढें ते घट्ट होऊं लागतात. प्रथम जबडा, मग मान, मग हात, मग पाय, असा क्रम नीस्तेन नांवाच्या फ्रान्समधील वैद्यानें १८११ सालीं नोंदला. आज याचें कारणही कळलेलें आहे. स्नायूंतील तंतु एकमेकांवर सरकतात आणि पुन्हां सुटतात. सुटण्याला एटीपी नांवाचें एक द्रव्य लागतें. प्राण गेला कीं त्याचा पुरवठा बंद होतो, आहे तें संपतें, आणि तंतु जेथें अडकले तेथेंच अडकून राहतात. ही क्रिया सर्व स्नायूंत एकदमच सुरू होते. लहान स्नायूंत ती आधीं दिसते इतकेंच. मनुष्य मरणापूर्वीं धडपडला असेल, धांवला असेल, तापानें फणफणला असेल, अगर वृद्ध आणि कृश असेल, तर ताठरपणा लौकर येतो. हवा उष्ण असेल तरीही लौकर. आपल्या देशांत तर या सर्व गोष्टी इंग्लंडपेक्षां किती तरी त्वरेनें होतात, आणि म्हणूनच डॉ. जयसिंग मोदी यांनीं १९२० सालीं न्यायवैद्यकावर जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यांत विलायती आंकड्यांवर न विसंबतां येथील उन्हाळ्याहिवाळ्यांतील मुदती निराळ्या दिल्या आहेत. थोडक्यांत, ताठरपणा हें घड्याळ खरें, पण प्रत्येक घरीं तें निराळ्या वेगानें चालतें आणि त्याला मिनिटकांटाच नाहीं.

दुसरें घड्याळ उष्णतेचें. जिवंत शरीराची उष्णता फॅरेनहाइट ९८·४ अंशांच्या आसपास असते. मेल्यावर ती उतरत उतरत भोंवतालच्या हवेइतकी होते. चुलीवरून उतरलेलें दुधाचें पातेलें हेंच याचें उदाहरण. पातेलें झांकलें आहे कीं उघडें, दूध शेरभर आहे कीं पावशेर, वारा येतो कीं नाहीं, यांवर तें किती वेळांत निवेल हें ठरतें. तसेंच देहाचें : अंगावर कपडे किती, मेद किती, खोली गरम कीं गार. शिवाय पातेल्यांत नाहीं अशी एक खोड देहांत आहे. आरंभीं कांहीं वेळ आंतली उष्णता जवळ जवळ उतरतच नाहीं. मग ती उतरूं लागते. तासाला दीड अंश असा एक ठोकळ हिशेब पूर्वीं धरीत, आणि तो ठोकळच आहे. वैशाखांत नागपूरकडे हवाच शरीराहून उष्ण असते. तेथें हें घड्याळ मुळीं चालतच नाहीं.

तिसरें, अंगावर खालच्या बाजूस रक्त उतरून उमटणारे काळसर निळे डाग. चौथें, पोटांतलें अन्न कोठपर्यंत पचलें तें. आणि दिवसच्या दिवस लोटले असतील तर माशांच्या अळ्या. हें शेवटचें घड्याळ ऐकावयास किळसवाणें, पण आपल्या कामांत मोठें प्रामाणिक. १९३५ च्या सप्टेंबरांत स्कॉटलंडांत मॉफॅट गांवाजवळील एका ओहोळांत दोन स्त्रियांच्या देहांचे तुकडे सांपडले, तेव्हां डॉ. मर्न्स यांनीं अळ्यांची वाढ पाहून तीं प्रेतें बारा ते चौदा दिवस तेथें पडलीं असावींत असें काढलें, आणि तें इतर पुराव्याशीं जुळलें. त्या खटल्यांत फांसावर गेलेला डॉक्टर बक रक्स्टन हा मूळचा आपल्या मुंबईंत जन्मलेला पारशी. तेथें प्रश्न दिवसांचा होता आणि घड्याळही दिवस मोजणारें होतें, म्हणून उत्तर बरोबर आलें.

लिव्हरपुलांत प्रश्न मिनिटांचा होता.

माझ्या वर्गांतील मुलें एक चूक नेहमीं करीत. बांकाची लांबी फूटपट्टीनें मोजावयाची, रुंदी मोजावयाची, आणि क्षेत्रफळाचें उत्तर दशांश चिन्हापुढें पांच आंकड्यांपर्यंत काढून आणावयाचें. गुणाकार बिनचूक, पण फूटपट्टीला जें दिसलेंच नाहीं तें कागदावर उतरलेलें! मी विचारीं, "अरे, हा शेवटचा आंकडा तुला कोणीं दिला?" मुलें हंसत. प्राध्यापक मॅक्फॉल यांना हाच प्रश्न बचावाचे वकील रोलंड ऑलिव्हर यांनीं निराळ्या शब्दांत विचारला. अनुमान किती मागें-पुढें होऊं शकतें? एक तास होऊं शकतें, असें प्राध्यापकांस मान्य करावें लागलें. प्रेताच्या अंतर्भागाची उष्णता मोजली काय? नाहीं. ताठरपणा कसकसा वाढत गेला याची वेळोवेळीं नोंद केली काय? तींही टिपणें फारच तुटपुंजीं. मृत स्त्री अशक्त आणि कृश होती, आणि अशा देहांत ताठरपणा लौकर येतो, हेंही निघालें.

थर्मामीटर लावला असता तर सर्व उलगडा झाला असता, असें मी म्हणत नाहीं. त्या खोलींत गॅसची शेगडी आधीं पेटलेली होती, हें जळालेल्या कपड्यांवरूनच दिसत होतें. खोली किती वेळ गरम होती हें कोणास सांगतां येणार? परंतु रात्रीं दहाला एकदां, अकराला एकदां आणि बाराला एकदां अशी तीन वेळां उष्णता मोजून लिहून ठेवली असती, तर निदान पावणेसात कीं साडेआठ एवढा मोठा भेद करावयास कांहीं आधार मिळाला असता. हें काम कांहीं अवघड नव्हतें. एका माणसाच्या जिवाचा प्रश्न, खोलींत विद्यापीठाचा प्राध्यापक उभा, आणि एवढें साधें मोजमाप झालें नाहीं, याचें मला अजून नवल वाटतें.

मग खरें घड्याळ कोणाचें? त्या चौदा वर्षांच्या पोराचें. दूध घालीत घालीत तो होली ट्रिनिटी देवळावरून आला, तेव्हां तेथल्या घड्याळांत सहा वाजून पंचवीस मिनिटें झालीं होतीं. त्यावरून वॉलेसच्या दारीं आपण साडेसहाच्या सुमारास होतों, अशी त्याची साक्ष झाली. परंतु वर्तमानपत्रें टाकणाऱ्या दुसऱ्या एका मुलानें त्याला त्या दारांत उभा पाहिला, तो पावणेसातला कांहीं मिनिटें कमी असतांना. आणि त्याच्या बरोबरीच्या पोरांनीं सांगितलें कीं, खुनाच्या दुसऱ्या दिवशीं तो स्वतःच म्हणाला होता, "मीं तिला पावणेसातला पाहिली." साडेसहा धरले तर वॉलेसला एकोणीस मिनिटें मिळतात. पावणेसात धरले तर चार. चार मिनिटांत खून करून, रक्त धुऊन, कपडे सांवरून माणूस बाहेर पडूं शकत नाहीं. म्हणजे सारा खटला एका पोराच्या पंधरा मिनिटांवर आला.

पोरांच्या वेळेविषयीं मला थोडें बोलण्याचा अधिकार आहे, आणि तो अधिकार मला कसा मिळाला तें सांगावयास लाज वाटते. मी ज्या शाळेंत होतों तेथें गिरणीच्या भोंग्याबरोबर घरून निघणारा एक मुलगा होता. लागोपाठ आठ दिवस तो उशिरां येऊं लागला. विचारलें असतां एकच उत्तर : "सर, भोंगा झाला तेव्हांच निघालों." मीं त्याला खोटारडा ठरविला आणि सर्व वर्गादेखत छड्या मारल्या. पुढें कांहीं दिवसांनीं कळलें कीं शाळेचें घड्याळच अकरा मिनिटें पुढें गेलेलें होतें. किल्ली देणाऱ्या शिपायानें तें कधीं तरी अंदाजानें लावलें होतें, आणि आम्हां कोणा शिक्षकाला त्याची शंकाही आली नाहीं. भिंतीवरचें घड्याळ मोठें, मुलगा लहान. मोठ्यावर विश्वास बसला. त्या मुलाची मीं क्षमा मागितली. तो म्हणाला, "असूं द्या, सर." वॉलेसच्या खटल्यांतील साक्षी मीं प्रथम वाचल्या तेव्हां मला तो आठवला.

खटला २२ एप्रिल १९३१ रोजीं सुरू झाला आणि २५ तारखेस संपला. न्यायमूर्ति राइट यांनीं ज्यूरीला समजावून सांगतांना पुराव्यांतील उणिवा स्पष्ट दाखविल्या होत्या, आणि त्यांचा कल निर्दोष सोडण्याकडे होता हें त्यांच्या बोलण्यावरून दिसत होतें. तरीही ज्यूरी तासाभरांत परत आली : दोषी. देहान्ताची शिक्षा झाली. वॉलेस खटलाभर शांत बसून होता, त्याच्या डोळ्यांत कोणास पाणी दिसलें नाहीं, हेंही त्याच्याविरुद्धच गेलें असें पुष्कळांस वाटतें. प्राध्यापकांचें सहा वाजण्याचें मत दूधवाल्या मुलाच्या साक्षीपुढें टिकलेंच नाहीं. तें खुद्द सरकार पक्षालाही उपयोगी राहिलें नव्हतें. पण तें मत भर कोर्टांत एका विद्वानाच्या मुखांतून बाहेर पडलें होतें. 'मृत्यु लौकर झाला, म्हणजे नवरा घरांत असतांनाच झाला,' असा जो ठसा त्यानें मनावर उमटविला, तो आंकडा पुसला तरी पुसला जात नाहीं. हें माझें अनुमान आहे. ज्यूरीच्या बंद खोलींत काय बोलणें झालें हें कोणीं ऐकलेलें नाहीं.

मे महिन्याच्या १८ आणि १९ तारखांस फौजदारी अपील न्यायालयापुढें सुनावणी झाली. लॉर्ड ह्यूअर्ट अध्यक्षस्थानीं होते. न्यायालयानें निर्णय दिला कीं, पुरावा पाहतां हा निकाल टिकूं शकत नाहीं. आणि शिक्षा रद्द होऊन वॉलेस सुटला. कायद्याच्या चुकीसाठीं नव्हे, तर केवळ पुरावा अपुरा म्हणून खुनाचा निकाल फिरविल्याचें इंग्लंडांतील हें पहिलें उदाहरण असें सांगतात.

आपण म्हणाल, ही झाली १९३१ ची गोष्ट. आतां शास्त्र किती तरी पुढें गेलें आहे. गेलें आहे खरें. जर्मनींतील हेन्सगे या शास्त्रज्ञानें देहाची उष्णता, भोंवतालची उष्णता, शरीराचें वजन आणि कपडे या सर्वांचा मेळ घालून १९८८ सालीं एक कोष्टकवजा आलेख सिद्ध केला. तो आजही जगभर वापरतात. मला त्या गृहस्थाविषयीं फार आदर वाटतो, आणि त्याचें कारण त्याच्या उत्तराची अचूकता हें नव्हे. त्यानें उत्तराशेजारीं चूकही लिहून ठेवली. सर्व परिस्थिति अनुकूल असतां, शंभरांतील पंचाण्णव वेळां, खरी वेळ काढलेल्या वेळेच्या मागें किंवा पुढें २·८ तासांच्या आंत असते. परिस्थिति वाईट असेल तर हें अंतर आणखी वाढतें. आतां आपण हाच आलेख वुल्व्हर्टन स्ट्रीटच्या त्या खोलींत नेऊं. समजा उत्तर आलें पावणेसात. २·८ तास म्हणजे दोन तास अठ्ठेचाळीस मिनिटें. तेव्हां मृत्यु चारला तीन मिनिटें कमी असतांनापासून रात्रीं साडेनऊनंतरच्या तीन मिनिटांपर्यंत केव्हांही झालेला असूं शकतो. पैकीं दूधवाल्या मुलानें आधीचे तास कापले, आणि पावणेनऊला परतलेल्या नवऱ्यानें व शेजाऱ्यांनीं नंतरची वेळ कापली. मधले जे दोन तास उरले त्यांत वॉलेस दोषीही बसतो आणि निर्दोषही बसतो. आजचें उत्तमांतलें उत्तम साधन हातीं असतें तरी तें देहावरून एवढेंच सांगूं शकलें असतें.

आणि वॉलेसनंतर न्यायालयें शहाणीं झालीं म्हणावें, तर तसेंही दिसत नाहीं. १९५९ च्या जून महिन्यांत कॅनडांतील क्लिंटन गांवाजवळ बारा वर्षांच्या एका मुलीचा खून झाला. त्या संध्याकाळीं स्टीव्हन ट्रस्कॉट नांवाच्या मुलानें तिला आपल्या सायकलवरून थोडें अंतर नेलें होतें. डॉक्टर पेनिस्टन यांनीं मुख्यतः पोटांतील अन्नावरून सांगितलें कीं, मृत्यु संध्याकाळीं सव्वासात ते पावणेआठ यांच्या दरम्यान झाला. अर्धा तास! आणि तोही नेमका तोच अर्धा तास, ज्यांत ती मुलगी त्या मुलाबरोबर होती. अन्न पचण्याचा वेग भीतीनें, श्रमानें, खाल्लेल्या पदार्थानें किती बदलतो हें आपल्यापैकीं ज्यानें परीक्षेच्या दिवशीं पोळी खाल्ली आहे त्यास सांगावयास नको. मुलाला फांसीची शिक्षा झाली. वय किती? चौदा वर्षें. लिव्हरपूलच्या दूधवाल्या मुलाएवढाच. पुढें ती शिक्षा जन्मठेपेवर आली, दहा वर्षें तो कैदेंत राहिला. सरतेशेवटीं २८ ऑगस्ट २००७ रोजीं ऑन्टॅरिओच्या अपील न्यायालयानें, हा न्यायाचा विपर्यास झाला असें म्हणून, त्याला निर्दोष ठरविलें. तेव्हां तो बासष्ट वर्षांचा झाला होता. त्या मुलीचा मारेकरी आजही अज्ञात आहे.

वॉलेसकडे परत येऊं, कारण एक तपशील राहिला. ज्युलिया सुमारें पन्नाशीची आहे असें तिचे शेजारी, पोलीस, डॉक्टर, सर्वच धरून चालले होते. खटला संपून कित्येक दशकें लोटल्यावर एका संशोधकानें जन्मनोंदी चाळल्या. तिचा जन्म १८६१ सालचा निघाला. म्हणजे खुनाच्या वेळीं ती एकुणसत्तर वर्षांची होती. ताठरपणाचा हिशेब करतांना ज्या देहाचें वय पन्नास धरलें होतें तें सत्तरीला टेकलेलें होतें. आणि वृद्ध, कृश देहांत ताठरपणा लौकर येतो, हें मघां सांगितलेंच आहे. लौकर येतो म्हणजे, जो पाहून चार तास मोजले तो त्याहून कमी वेळांत आलेला असूं शकतो. मृत्यु सहाला नव्हे, तर सात, साडेसात, आठ यांपैकीं केव्हांही झालेला असूं शकतो. त्या वेळीं वॉलेस नसलेल्या पत्त्याचा शोध करीत रस्त्यांतून हिंडत होता. त्यानें कोणाला मारण्यास लावलें असेल, कीं त्याला घराबाहेर काढून दुसऱ्याच कोणीं हें केलें असेल, यावर पुस्तकेंच्या पुस्तकें निघालीं आहेत. मीं त्यांतलीं कांहीं वाचलीं. प्रत्येक पुस्तकाचा मारेकरी निराळा आहे, आणि वाचीत असतांना प्रत्येक पटतो.

सुटून आल्यावर वॉलेसला जुन्या घरीं राहवलें नाहीं. ज्यांच्या दारीं वर्षानुवर्षें हप्त्यासाठीं जात असे ते लोक आतां त्याला पाहून दारें लावूं लागले. कंपनीनें त्याला कचेरींतलें काम दिलें. तो मर्सी नदीपलीकडे ब्रॉम्बरो येथें राहावयास गेला. तें जुनें मूत्रपिंडाचें दुखणें बळावलें, आणि २६ फेब्रुवारी १९३३ रोजीं तो वारला. अ‍ॅनफील्डच्या स्मशानभूमींत ज्युलियाच्याच थडग्यांत त्याला पुरलें आहे.